छापील प्रोग्रॅमिंग-पुस्तक मुक्त परवान्याखाली ऑनलाइन आणताना

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये मार्क पिल्ग्रिम या लेखकाने आपल्या सगळ्या वेबसाइट अचानक बंद केल्या. 'डाइव्ह इनटू पायथन' आणि 'डाइव्ह इनटू पायथन ३' ही त्याची दोन्ही पुस्तकं तिथेच होती. अनेकांनी पायथन या प्रोग्रॅमिंग-भाषेचे पहिले धडे त्यांवरून गिरवले होते. पुस्तकं तिथेच संपायची. पण पहिलं ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्सखाली होतं आणि दुसरं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली. हे मुक्त परवाने, म्हणजे प्रती काढायला आणि वाटायला सगळ्यांना आधीच दिलेली मोकळीक. त्यामुळे ज्यांच्याकडे प्रती होत्या त्यांनी त्या आपापल्या सर्व्हरवर चढवल्या, कुणाची परवानगी काढावी लागली नाही. ती पुस्तकं त्यानंतरही वाचली जात राहिली.

माझं छापून झालेलं पुस्तक मुक्त करताना ही घटना मी सतत समोर ठेवली. नुसती पीडीएफ फुकट टाकली तर वाचकाचे पैसे वाचतात, पण पुस्तक लेखकाच्याच गळ्यात राहतं: चुका त्यानेच दुरुस्त करायच्या, नवी आवृत्ती त्यानेच काढायची, भाषांतराला हो-नाही त्यानेच म्हणायचं. प्रोग्रॅमिंगचं पुस्तक असं चार वर्षांत शिळं होतं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर मी एकच प्रश्न विचारते: मला न विचारता, मी हाताशी नसताना, एखादा अनोळखी माणूस हे पुस्तक पुढे नेऊ शकेल का? जिथे उत्तर 'नाही' येतं तिथे काम बाकी आहे.

पायरी १: करार शोधा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा

परवाना कुठला द्यायचा हा विचार नंतरचा. मुळात परवाना देण्याचा हक्क तुमच्याकडे आहे का, हे आधी बघायचं. जे हक्क तुमच्याकडे नाहीत, त्यांचा परवाना तुम्हाला कुणालाच देता येत नाही. दिलात तर तो तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या वाचकाच्या अंगाशी येतो.

करारात सर्वांत आधी हे पाहा की कॉपीराइट प्रकाशकाच्या नावे करून दिला आहे, की तो तुमच्याकडेच ठेवून प्रकाशकाला फक्त प्रकाशनाचा एकाधिकार दिला आहे. पुस्तकाच्या आत '©' पुढे तुमचं नाव छापलं आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. नाव तुमचं असतं आणि छापील, डिजिटल, भाषांतर, ध्वनी असे सगळे हक्क पूर्ण मुदतीसाठी दुसऱ्याकडे गेलेले असतात. असे करार भरपूर आहेत.

मग 'हक्क परत मिळण्याचं' कलम शोधा. बहुतेक वेळा त्यात लिहिलेलं असतं की पुस्तक छपाईतून गेलं (म्हणजे ते छापणं-विकणं बंद झालं), किंवा वर्षाची विक्री अमुक प्रतींच्या खाली आली, तर लेखकाने लेखी मागणी केल्यावर हक्क परत मिळतील. 'छपाईतून गेलं' याची व्याख्या काय केली आहे तिकडे नीट लक्ष द्या. मागणी आली की एक प्रत छापून देण्याची सोय आल्यापासून पुस्तक कधीच छपाईतून जात नाही, ते नावापुरतं यादीत पडून राहतं. विक्रीचा आकडा लिहिलेला असेल तर रॉयल्टीची जुनी विवरणपत्रं काढा. ती तुमचा पुरावा आहेत.

आणखी तीन गोष्टी करारात लपलेल्या असतात. प्रकाशकाने भाषांतराचे हक्क परदेशातल्या कुणाला विकले आहेत का? विकले असतील तर मूळ हक्क परत आले तरी तो पोटकरार बहुधा त्याच्या मुदतीपर्यंत चालू राहतो, आणि त्या भाषेतल्या भाषांतराची मोकळीक तुम्ही इतरांना देऊ शकत नाही. सहलेखक आहेत का? असतील तर प्रत्येकाची लेखी संमती हवी. आणि पुस्तक नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं होतं का? तसं असेल तर पहिलं पत्र प्रकाशकाला नाही, तेव्हाच्या मालकाला जाईल.

कायदा देशादेशांत वेगळा आहे. उदाहरणार्थ, अमेरिकेत १९७८ पासून लेखकाने स्वतः करून दिलेले हक्क सामान्यतः ३५ वर्षांनंतर, ठरलेल्या पद्धतीने आगाऊ नोटीस देऊन, परत घेता येतात. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी हा हक्क राहतो. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकासाठी ३५ वर्षं म्हणजे फार उशीर, पण जुन्या, पायाभूत विषयावरच्या पुस्तकाला हा मार्ग खरोखर उपयोगी पडू शकतो. करार गुंतागुंतीचा वाटला तर एकदा वकिलाला दाखवा.

पायरी २: प्रकाशकाला पत्र

इथे लेखक उगाच दबकतात. हक्क परत मागणं म्हणजे भांडण काढणं नाही. ज्या पुस्तकाची विक्री थांबली आहे त्यात प्रकाशकालाही रस उरलेला नसतो. अडचण असते ती उत्तर द्यायला कुणाला वेळ नसण्याची. म्हणून पत्र असं लिहा की समोरच्याला फक्त 'मान्य' म्हणून सही करता यावी.

मागण्या दोन प्रकारच्या असू शकतात. पहिली, सगळे हक्क परत. दुसरी, प्रकाशकाने छापील आणि विक्रीचे हक्क ठेवावेत आणि तुम्हाला ऑनलाइन आवृत्ती मुक्त परवान्याखाली देण्याची परवानगी द्यावी. पुस्तक अजून विकलं जात असेल तर दुसरी मागणी जास्त चालते, आणि तिला उदाहरणही देता येतं: फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनावरचं 'प्रो गिट' हे पुस्तक प्रकाशक एप्रेस विकतो आणि तेच पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली वेबवर पूर्ण वाचायला मिळतं. स्वयंसेवकांनी त्याची अनेक भाषांत भाषांतरंही केली आहेत.

माझ्या पत्राचा गाभा साधारण असा होता:

'आपल्यातील करारातील कलम क्रमांक अमुकनुसार, वरील पुस्तकाच्या सर्व आवृत्त्यांचे (आयएसबीएन पुढीलप्रमाणे) सर्व हक्क, सर्व भाषांसाठी, सर्व प्रदेशांसाठी आणि सर्व माध्यमांसाठी मला परत मिळावेत अशी विनंती करते. संपादन व मुद्रितशोधन झालेला अंतिम मजकूर आणि पुस्तकासाठी काढलेल्या आकृत्या वापरण्याचा हक्क यात समाविष्ट असावा. सध्या अस्तित्वात असलेल्या पोटकरारांची यादी सोबत द्यावी. हक्क कोणत्या तारखेपासून परत आले याचा उल्लेख करून सहीचे पत्र पाठवावे. अंतिम मजकुराच्या व आकृत्यांच्या फाइल मिळाल्यास आभारी राहीन.'

'संपादन झालेला मजकूर' हे शब्द विसरू नका. तुम्ही पाठवलेला मसुदा आणि छापून आलेलं पुस्तक यांत हजारभर लहान बदल असतात. ते वापरता येतात की नाही यावरून नंतर वाद नको. फाइल मागायची वेळही हीच. नंतर त्या फाइल कुणाच्या संगणकावर होत्या ते कुणाला आठवत नाही.

मला पहिलं उत्तर आलं ते 'हरकत नसावी' अशा दोन ओळींच्या ईमेलचं. आनंदाने कामाला लागणार होते, पण थांबले. 'हरकत नसावी' हे हक्क परत केल्याचं पत्र नव्हे. कोणते हक्क, कधीपासून, कोण देतंय, यातलं काहीच त्यात नव्हतं. पुन्हा दोनदा आठवण करून सहीचं पत्र मिळवलं आणि त्याची स्कॅन प्रत तीन ठिकाणी ठेवली. प्रकाशन संस्था विकल्या जातात, विलीन होतात, नवे मालक जुन्या ईमेलना ओळखत नाहीत. हे पत्र मात्र टिकतं.

पायरी ३: पुस्तकात दुसऱ्याचं काय काय आहे

छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन बसा आणि पहिल्या पानापासून जे जे तुमचं नाही त्यावर खूण करा. मुखपृष्ठ जवळजवळ नेहमीच प्रकाशकाचं किंवा चित्रकाराचं असतं. नवं करून घ्या. प्रस्तावना दुसऱ्या कुणी लिहिली असेल तर त्यांची वेगळी परवानगी, आणि तीही नेमक्या परवान्याचं नाव सांगून. मलपृष्ठावरचा मजकूर प्रकाशकाच्या माणसाने लिहिलेला असतो, तो सोडून द्या. मालिकेचं बोधचिन्ह, प्रकाशकाचा लोगो यांना हात लावू नका.

सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट, दुसऱ्या लेखातून घेतलेली आकृती, कवितेच्या ओळी, कुणाच्या तरी प्रकल्पातला कोड: यातलं जे परवानगीने छापलं होतं ती परवानगी बहुधा फक्त त्या छापील पुस्तकापुरती होती. काढून टाका, स्वतः नव्याने काढा किंवा पुन्हा परवानगी घ्या. ठेवलंतच तर त्या जागी स्पष्ट लिहा की हा भाग पुस्तकाच्या परवान्यात येत नाही.

आणि पानांची मांडणी. ब्रिटनमध्ये छापलेल्या आवृत्तीच्या अक्षरमांडणीलाच स्वतंत्र २५ वर्षांचं संरक्षण आहे. म्हणून प्रकाशकाची छपाईची पीडीएफ जशीच्या तशी वर चढवू नका, तिच्यासाठी वेगळी लेखी परवानगी असेल तरच. मजकूर घ्या, मांडणी आपली करा. त्यात पुस्तकाचाही फायदाच आहे.

पायरी ४: परवाना निवडणं

क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ मध्ये सुरू झाली, तिचे पहिले परवाने २००२ च्या डिसेंबरमध्ये आले आणि ४.० ही आवृत्ती २०१३ मध्ये. नवं काम ४.० खालीच द्या. मुख्य परवाने सहा आहेत आणि ते चार अटींच्या जोडणीतून बनतात: 'बाय' म्हणजे श्रेय द्या, 'एसए' म्हणजे बदल केलात तर तेही याच परवान्याखाली द्या, 'एनसी' म्हणजे व्यावसायिक वापर नको, आणि 'एनडी' म्हणजे बदललेली प्रत पसरवू नका.

'एनडी' प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाला लावू नका. त्याखाली फाइलचं स्वरूप बदलता येतं, पण भाषांतर प्रकाशित करता येत नाही. प्रोग्रॅमिंग-भाषेच्या नव्या आवृत्तीला साजेशी उदाहरणं घातलेली प्रतही देता येत नाही. इतकंच नाही, चुकीची ओळ दुरुस्त करून ती प्रत वाटणंसुद्धा अडतं. पुस्तक काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं होतं.

'एनसी'चा मोह समजण्यासारखा आहे. 'माझं पुस्तक छापून दुसऱ्याने पैसे कमवावेत?' हा प्रश्न मलाही पडला होता. पण मुख्यतः व्यावसायिक लाभासाठी केलेला वापर म्हणजे नेमका कोणता, हे प्रत्यक्षात धूसर राहतं. फी घेणाऱ्या वर्गात शिक्षकाने एक प्रकरण वाटलं तर? कंपनीने नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात वापरलं तर? सज्जन माणूस अशा वेळी कचरतो आणि पुस्तक बाजूला ठेवतो, आणि ज्याला चोरायचं आहे तो परवाना वाचतच नाही. शिवाय विकिपीडियाचे प्रकल्प 'एनसी' आणि 'एनडी'चं साहित्य घेत नाहीत, लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली तयार संचाच्या रूपात देणारा डेबियनसारखा प्रकल्प ते मुक्त मानत नाही. प्रकाशक छापील हक्क ठेवून फक्त वेबसाठी परवानगी देत असेल तर त्याची अटच 'एनसी' असू शकते. तसं असेल तर घ्या. काहीच न मिळण्यापेक्षा ते चांगलं. पण निवड तुमच्या हातात असेल तर माझा कौल 'बाय-एसए'ला आहे. कुणी छापून विकलं तर विकू दे. त्याने केलेली सुधारणा त्याला त्याच परवान्याखाली द्यावी लागते, आणि तीच आपल्याला हवी असते.

ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्सचा विचार आज नव्या पुस्तकासाठी करू नका. त्यात संपूर्ण परवाना प्रत्येक प्रतीसोबत द्यावा लागतो, 'अपरिवर्तनीय विभाग' वगैरे गुंते आहेत. विकिपीडियाही २००९ मध्ये त्यावरून क्रिएटिव्ह कॉमन्स 'बाय-एसए'कडे वळला.

कोडचा परवाना मात्र वेगळा ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच सांगते की हे परवाने सॉफ्टवेअरसाठी नाहीत. वाचकाने पुस्तकातल्या दहा ओळी आपल्या प्रोग्रॅममध्ये घेतल्या तर त्याचा सगळा प्रोग्रॅम 'एसए'च्या कचाट्यात येतो का, असा घोर त्याला लावायचा नाही. उदाहरणांना एमआयटी हा सॉफ्टवेअरसाठीचा छोटा, मोकळा परवाना द्या, किंवा त्याहून सैल एमआयटी-झीरो, ज्यात कॉपीराइटची ओळ जपण्याचीही अट नाही.

दोन भीती प्रत्येक लेखकाला असतात, त्यांचं बोलून टाकते. पहिली: 'कुणीतरी चुकीचं काही घालेल आणि वर माझं नाव राहील.' ४.० परवान्यात बदल करणाऱ्याने बदल केल्याचं नमूद करायलाच हवं, तुमची त्याला संमती आहे असं भासवता येत नाही, आणि तुम्ही सांगितलंत तर शक्य तितक्या प्रमाणात तुमचं नाव त्याला काढावं लागतं. दुसरी भीती खरी आहे: परवाना मागे घेता येत नाही. तुम्ही वाटप थांबवू शकता, पण ज्यांच्या हाती प्रती गेल्या त्यांचे हक्क कायम राहतात. म्हणून या पायरीवर एक आठवडा जाऊ द्या. मग सही करा आणि मागे वळून पाहू नका.

पायरी ५: मजकूर पुन्हा हाती आणणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि पुस्तकाचा दर्जाही इथेच ठरतो.

तुमच्याकडे दोन गोष्टी असतील: तुमचा जुना मसुदा (वर्ड, लेटेक किंवा असंच काही) आणि छापील पुस्तकाची पीडीएफ. मसुद्यात रचना शाबूत आहे, पण संपादकाच्या दुरुस्त्या नाहीत. पीडीएफमध्ये दुरुस्त्या आहेत, पण रचना मोडलेली आहे. पीडीएफमधून मजकूर ओढून काढला की काय होतं ते जवळून पाहा. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द तसेच संयोगचिन्हासह येतात. इंग्रजीतली 'एफ' आणि 'आय' ही जोडाक्षरासारखी छापलेली अक्षरं गळतात किंवा भलतंच चिन्ह होऊन बसतात. पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव वाक्याच्या मधोमध घुसतं. आणि कोडची तर दैना होते: ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा उडतात, सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, गिटच्या '--अमेंड' या पर्यायाच्या सुरुवातीच्या दोन वजा चिन्हांची मिळून एक लांब रेघ बनते. पायथनमध्ये मोकळ्या जागेलाच अर्थ असतो, त्यामुळे ते उदाहरण तिथेच मरतं. लांब रेघेचं उदाहरण त्याहून वाईट, कारण डोळ्यांना ते बरोबर दिसतं. वाचक उतरवून घेतो, गिट त्याला पर्याय न समजता फाइलचं नाव समजतं आणि 'अशी फाइल नाही' म्हणतं.

म्हणून मूळ आधार मसुद्याचा घ्या आणि पीडीएफ फक्त तुलनेला वापरा. मी असं केलं:

पॅनडॉक या रूपांतराच्या साधनाने मसुदा मार्कडाउन या साध्या मजकुराच्या स्वरूपात आणला. आस्कीडॉकही चालतं, आणि तळटीपा व आतले संदर्भ भरपूर असतील तर ते जास्त सोयीचं आहे. पीडीएफमधून 'पीडीएफटूटेक्स्ट'ने साधा मजकूर काढला. मग दोन्हीकडे एका ओळीवर एकच वाक्य अशी मांडणी केली. तुलनेसाठी हे करावंच लागतं, पण पुढेही ती सवय सोडू नका. कुणी एका वाक्यात बदल सुचवला तर गिटमध्ये तेवढंच वाक्य बदललेलं दिसतं, सगळा परिच्छेद लाल-हिरवा होत नाही. त्यानंतर शब्दागणिक फरक दाखवणाऱ्या गिट डिफने प्रकरणामागून प्रकरण पाहिलं आणि संपादकाची प्रत्येक दुरुस्ती हाताने मसुद्यात घेतली. एका प्रकरणाला सुमारे अर्धा दिवस लागला. संपादकाने किती बारीक काम केलं होतं ते मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. ऋणनिर्देशात त्यांचं नाव ठळक ठेवा.

कोडचे तुकडे मजकुरातून काढून स्वतंत्र फाइलमध्ये ठेवा आणि पुस्तक तयार होताना ते तिथून आपोआप येतील अशी सोय करा. मग प्रत्येक फाइल चालवता येते, तपासता येते. चिकटवलेला कोड कुणी तपासत नाही.

छापील पुस्तकाच्या खुणाही साफ कराव्या लागतात. 'पान १४२ पाहा' याचा दुवा करायचा. 'वरील आकृतीत' आता वर असेलच असं नाही. शेवटची सूची पानांच्या आकड्यांसह निरुपयोगी झाली, पण फेकू नका. सूचीकाराने निवडलेले शब्द त्या त्या परिच्छेदाला खुणा म्हणून जोडले तर शोध फार चांगला चालतो. विभागांचे मूळ क्रमांक मात्र तसेच दाखवत राहा. कुणीतरी कुठेतरी 'विभाग ७.३' असा संदर्भ दिलेला आहे, त्याला तो सापडला पाहिजे.

सगळं झालं की, एकही नवी दुरुस्ती करण्याआधी, गिटमध्ये एक टॅग, म्हणजे त्या क्षणाच्या मजकुराला नावाची खूण, लावा: 'छापील आवृत्ती'. पुढच्या प्रत्येकाला मूळ पुस्तक काय होतं आणि नंतर काय बदललं हे यावरून कळतं. जमलेलं शुद्धिपत्र या टॅगनंतर, एकेक चूक एकेका कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत), मजकुरात उतरवा.

पायरी ६: जुनं झालेलं कसं सांगायचं

पुस्तक ज्या आवृत्तीसाठी लिहिलं ती भाषा आता पुढे गेली असेल. सगळं अद्ययावत करून मगच प्रकाशित करीन, असं ठरवलंत तर पुस्तक कधीच बाहेर येणार नाही. आहे तसं द्या, पण प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर दोन ओळी लिहा: हे कोणत्या आवृत्तीवर लिहिलं, आज कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिलं, आणि काय चालत नाही. सुरक्षेशी संबंधित जुना सल्ला असेल, म्हणजे पासवर्ड साठवण्याची कालबाह्य पद्धत किंवा बाहेरून आलेल्या माहितीसाठी प्रश्नचिन्हांच्या राखीव जागा न वापरता ती थेट जोडून केलेली एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा), तर तो मात्र प्रकाशनापूर्वी बदलाच. लोक पुस्तकातून उतरवतात आणि तेच वर्षानुवर्षं चालू ठेवतात.

पायरी ७: बांधणी आणि प्रकाशन

एकाच मूळ मजकुरातून वेबपानं, ईपब आणि पीडीएफ एका आज्ञेत तयार व्हायला हवेत. एमडीबुक, स्फिंक्स, क्वार्टो, आस्कीडॉक्टर या साधनांपैकी काहीही घ्या. जे साधन घ्याल त्याची आवृत्ती आणि बांधणीची आज्ञा 'रीडमी' या सूचनांच्या फाइलमध्ये लिहा. नव्या संगणकावर, तुमच्या कुठल्याही खास मांडणीशिवाय, पुस्तक बांधून पाहा. तिथे अडलं तर अनोळखी माणूसही तिथेच अडणार.

प्रत्येक प्रकरणाचा पत्ता विषयावरून ठेवा, क्रमांकावरून नको. मध्ये नवं प्रकरण आलं की क्रमांक सरकतात आणि बाहेरचे सगळे दुवे तुटतात. शीर्षकांच्या खुणाही स्वतः हाताने द्या. शीर्षकाच्या शब्दांवरून आपोआप तयार होणारी खूण शीर्षक सुधारताच मोडते. आकृत्या एसव्हीजी या कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या स्वरूपात ठेवा आणि त्यांची मूळ, संपादन करता येणारी फाइलही द्या, नाहीतर भाषांतर करणाऱ्याला आकृतीतले शब्द बदलता येत नाहीत. पीडीएफसाठी मुक्त परवान्याचे फाँट वापरा. छापील पुस्तकाचा आयएसबीएन नव्या स्वरूपाला लावू नका, प्रत्येक स्वरूपाला वेगळा क्रमांक लागतो. वेबपानांना तो लागतच नाही.

परवान्याची सूचना तीन ठिकाणी हवी: रिपॉझिटरीच्या (पुस्तकाच्या सगळ्या फाइलींच्या गिटमधल्या साठ्याच्या) मुळाशी 'लायसन्स' फाइलमध्ये पूर्ण मजकूर, पुस्तकाच्या पहिल्या पानावर, आणि प्रत्येक वेबपानाच्या तळाशी. लोक एकच पान जतन करतात, त्या पानावर परवाना दिसला पाहिजे. मी वापरलेली सूचना अशी:

'© (वर्षे) (लेखकाचे नाव). या पुस्तकातील मजकूर व आकृत्या, वेगळे नमूद केले नसल्यास, क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्यूशन-शेअरअलाइक ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली उपलब्ध आहेत. कोडची उदाहरणे एमआयटी-झीरो परवान्याखाली आहेत. श्रेय देताना पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, या पानाचा दुवा आणि परवान्याचा दुवा द्यावा.'

'सर्व हक्क स्वाधीन' ही जुनी ओळ कुठे राहिली नाही ना, ते शोधून बघा. माझ्या पीडीएफच्या दुसऱ्या पानावर ती राहिली होती आणि एका वाचकाने विचारलं, 'यातलं खरं काय धरायचं?'

पायरी ८: दुसऱ्यांचे बदल स्वीकारण्याआधी

पहिली दुरुस्ती यायच्या आत हे ठरवा, कारण नंतर निस्तरता येत नाही. स्वतःच्या मजकुराला तुम्ही तुमच्याच परवान्याने बांधलेले नसता. तुम्ही तो कुणालाही, कशाही अटींवर देऊ शकता. पण दुसऱ्याने लिहिलेला परिच्छेद त्याचा आहे आणि तो तुम्हाला पुस्तकाच्या परवान्याखाली मिळतो. पुस्तक 'बाय-एनसी-एसए' असेल आणि वीस जणांच्या दुरुस्त्या त्यात मिसळल्या असतील, तर ती नवी आवृत्ती तुम्हालाही विकता येत नाही. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. 'बाय-एसए'मध्ये ही अडचण उरत नाही, माझ्या निवडीमागे हेही एक कारण होतं. 'एनसी' ठेवलंच असेल तर योगदान देणाऱ्यांकडून तुम्हाला वेगळी परवानगी मिळते, असं योगदानाच्या सूचनांत सुरुवातीपासून साध्या भाषेत लिहा.

आलेला मजकूर त्यांचा स्वतःचाच आहे याची ग्वाही घ्या. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २००४ पासून 'साइन्ड-ऑफ-बाय' ही एक ओळ त्यासाठी चालते, तीच पद्धत पुरेशी आहे.

रिपॉझिटरीवर आणखी निदान एकाला पूर्ण अधिकार द्या. एकट्याच्या खात्यावर असलेलं पुस्तक त्या खात्याबरोबर जातं. डोमेनचं नाव कुणाच्या ईमेलवर आहे, ते कधी संपतं, हेही त्या माणसाला माहीत असू द्या.

पायरी ९: प्रती दूर दूर ठेवा

प्रकाशनाच्या दिवशीच इंटरनेट आर्काइव्हवर पूर्ण पुस्तक चढवा. झेनोडोवर, म्हणजे सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेल्या भांडारात, आवृत्ती नोंदवा. तिथे प्रत्येक आवृत्तीला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो आणि संशोधकांना संदर्भ देता येतो. रिपॉझिटरी सार्वजनिक असेल तर सॉफ्टवेअर हेरिटेजच्या संग्रहातही ती जतन करून घेता येते. या प्रतींमध्ये बांधलेल्या पीडीएफबरोबर मूळ मजकूर, आकृत्यांच्या मूळ फाइल आणि बांधणीच्या सूचना असाव्यात.

शेवटची तपासणी मी अशी केली. पुस्तकाशी काहीही संबंध नसलेल्या एका मैत्रिणीला फक्त झेनोडोचा दुवा दिला आणि सांगितलं, तिसऱ्या प्रकरणातला एक शब्द बदल, पुस्तक बांध आणि स्वतःच्या नावाने सुधारित प्रत म्हणून कुठेतरी टाक. मला काही विचारायचं नाही. ती दोनदा अडली: आकृत्या तयार करणाऱ्या एका साधनाचं नाव 'रीडमी'त राहून गेलं होतं, आणि सुधारित प्रतीत बदलाची नोंद कुठे करायची हे तिला सापडेना. दोन्ही गोष्टी त्याच संध्याकाळी लिहिल्या आणि नवा टॅग लावला.